टायरीक हिल गेल्यावर: चीफ्सच्या एका सौद्याचं प्रकरण

२३ मार्च २०२२ च्या बुधवारी अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधल्या (एनएफएल) कॅन्सस सिटी चीफ्सनी टायरीक हिलला मायामी डॉल्फिन्सच्या हवाली केलं. बदल्यात खेळाडू एकही आला नाही. आल्या त्या पाच ड्राफ्ट-निवडी, म्हणजे दरवर्षी कॉलेजमधून येणारे नवे खेळाडू ठरलेल्या क्रमाने निवडायचे हक्क: २०२२ मधली २९ वी, ५० वी आणि १२१ वी, आणि २०२३ मधली चौथ्या व सहाव्या फेरीतली एकेक. मायामीने हिलशी लगेच चार वर्षांचा १२ कोटी डॉलरचा करार केला. त्यातले ७ कोटी २२ लाख हमीचे.

बातमी मला धाकट्या बहिणीने फोनवर सांगितली. आम्ही दोघं चीफ्सचे सामने वर्षानुवर्षं एकत्र बघत आलोय. "दादा, हिलला सोडलं," एवढंच म्हणाली आणि गप्प झाली. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "मग त्याच्या जागी कोण आलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाच आकडे हातात होते, आणि आकडे काही टचडाउन करत नाहीत.

पुढची जवळजवळ दोन वर्षं मी तोच प्रश्न धरून बसलो होतो. प्रत्येक नव्या रिसीव्हरकडे "हा हिलची जागा भरणार का?" या एकाच नजरेने बघत होतो. आज मला वाटतं, प्रश्नच चुकला होता. हिलची जागा भरलीच नाही, आणि ज्यांनी भरायचा प्रयत्न केला त्यातले बरेच जण अपुरे पडले. तरी सौदा बरोबर होता. त्याची वसुली झाली ती मैदानाच्या दुसऱ्या बाजूला, जिकडे मी बघतच नव्हतो.

काय गमावलं

अमेरिकन फुटबॉल फारसा न बघणाऱ्यांसाठी दोन ओळी. संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो, रिसीव्हर पळत जाऊन झेलतो. चेंडू समोरच्या टोकाच्या पट्ट्यात पोहोचला की टचडाउन, सहा गुण; लांबून खांबांमधून किक मारली तर तीन. हिल रिसीव्हर होता आणि त्याच्याइतका वेगवान माणूस या खेळात क्वचितच दिसला असेल. सगळे त्याला चित्ता म्हणायचे. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये तो पार पाचव्या फेरीत, १६५ वा निवडला गेला आणि सहाच्या सहा मोसमांत प्रो बोलला, म्हणजे मोसमातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्याला, गेला.

पण आकड्यांनी त्याची किंमत कळत नाही. २ फेब्रुवारी २०२० चा सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, घ्या. समोर सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्स, आम्ही १०-२० असे मागे, सात मिनिटं उरलेली, तिसरा डाउन आणि १५ यार्ड हवे. आमचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स मागे मागे सरकत गेला आणि त्याने लांब फेक टाकली. हिल डावीकडे एकटा. ४४ यार्ड. तिथून सामना फिरला आणि चीफ्सनी ५० वर्षांनी सुपर बोल जिंकला. घरात हिलची दहा नंबरची जर्सी आली ती त्यानंतर. ती अजून कपाटात घडी करून ठेवलेली आहे.

सौद्याआधीचे आठ दिवस

या प्रकरणाचं खरं मूळ मला २३ ते ३० जानेवारी २०२२ या आठ दिवसांत दिसतं.

२३ जानेवारीला बफेलो बिल्सविरुद्धचा सामना झाला. शेवटचं एक मिनिट राहिलं असताना हिलने छोटासा पास झेलला आणि ६४ यार्ड पळत टचडाउन केला. पळता पळता मागच्या बचावपटूला दोन बोटं दाखवली. बिल्सनी पुन्हा आघाडी घेतली. घड्याळात १३ सेकंद. हिलने १९ यार्ड मिळवले, ट्रॅव्हिस केल्सीने २५, हॅरिसन बटकरने ४९ यार्डांवरून किक मारून बरोबरी साधली, आणि जादा वेळेत आम्ही ४२-३६ जिंकलो. त्या रात्री मला कोणी सांगितलं असतं की दोन महिन्यांनी हा माणूस इथे नसेल, तर मी ऐकूनही घेतलं नसतं.

३० जानेवारीला सिनसिनाटी बेंगल्स आले. आम्ही २१-३ असे पुढे होतो. दुसऱ्या अर्ध्यात, जादा वेळ सोडला तर, फक्त ३ गुण. बेंगल्सनी आठ-आठ जण मागे ठेवायला सुरुवात केली आणि महोम्सला फेकायला जागाच सापडेना. जादा वेळेत तिसऱ्या डाउनला त्याने लांब पास टाकला, हिललाच. जेसी बेट्सने तो हाताने उडवला, व्हॉन बेलने झेलला. बेंगल्स २७-२४ जिंकले. चीफ्सच्या जर्सीत हिलच्या दिशेने आलेला तो शेवटचा पास.

तो पास मी नंतर कितीतरी वेळा पाहिला. हिलवर दोन्ही सेफ्टी, म्हणजे सगळ्यांच्या मागे उभे राहणारे बचावपटू, चालून आले होते. हे त्या एका सामन्यापुरतं नव्हतं. फेब्रुवारी २०२१ च्या सुपर बोलमध्ये टॅम्पा बेने दोन सेफ्टी खोल ठेवून आम्हाला ३१-९ हरवलं, आणि २०२१ च्या संपूर्ण मोसमात प्रतिस्पर्धी हाच उपाय वापरत राहिले. डोक्यावरून लांब काही जाऊ द्यायचं नाही, समोर छोटे पास हवे तेवढे घ्या. २०२१ मध्ये हिलने १११ झेल घेतले, पण यार्ड मिळाले १,२३९. झेल भरपूर, लांबचे मात्र कमी. ज्या वेगाची लीगला सर्वांत जास्त भीती होती त्याचा उतारा लीगने शोधला होता, आणि तो वेग बाजारात सर्वांत महाग व्हायची वेळही नेमकी तीच होती.

पैशाचं गणित

एनएफएलमध्ये प्रत्येक संघाने वर्षभरात खेळाडूंवर मिळून किती खर्च करायचा याला मर्यादा असते, सॅलरी कॅप. २०२२ साठी ती २० कोटी ८२ लाख डॉलर होती. महोम्सने जुलै २०२० मध्ये दहा वर्षांची मुदतवाढ घेतली होती, ५० कोटी ३० लाखांपर्यंत जाऊ शकणारी. एवढा मोठा वाटा एका माणसाला दिल्यावर बाकीच्यांना द्यायला किती उरतं, हा प्रश्न सरव्यवस्थापक ब्रेट व्हीच यांच्यासमोर रोजचाच.

हिलच्या करारात एकच वर्ष उरलं होतं, वय २८. मुदतवाढीची बोलणी चालू होती. तेवढ्यात १७ मार्चला ग्रीन बे पॅकर्सनी डेव्हांटे अ‍ॅडम्सला लास व्हेगस रेडर्सकडे पाठवलं. अ‍ॅडम्सला पाच वर्षांचे १४ कोटी मिळाले, सरासरी वर्षाला २ कोटी ८० लाख. त्या दिवशी अव्वल रिसीव्हरची किंमत बदलली. हिलने तेवढेच, किंबहुना थोडे जास्त मागावेत यात गैर काहीच नव्हतं, आणि मी त्याला कधीही लोभी म्हटलं नाही. या खेळात शरीर किती वर्षं साथ देईल याचा भरवसा नसतो. सहा दिवसांनी तो मायामीत होता.

हिलचा नवा करार सरासरी वर्षाला ३ कोटींचा. त्याच्या बदल्यात आलेल्या निवडींच्या जोरावर पहिल्या फेरीत घेतलेल्या मुलाचा करार चार वर्षांचे मिळून १ कोटी ४० लाखांच्या आसपास. ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूचा पगार निवडीच्या क्रमांकावरून जवळपास ठरलेला असतो आणि तो चार वर्षं बांधलेला राहतो, म्हणून महाग क्वार्टरबॅक असलेल्या संघाला चांगली निवड सोन्यासारखी. मार्चमध्ये मी हे गणित बघितलं नव्हतं असं नाही. बघितलं होतं आणि मनावर घेतलं नव्हतं.

त्याच वसंतातली दुसरी गळती

हिलच्या बातमीच्या गदारोळात माझं एका गोष्टीकडे दुर्लक्ष झालं. त्याच काही आठवड्यांत आमचा बचावही रिकामा होत होता. कॉर्नरबॅक (कडेला राहून रिसीव्हरला अडवणारा) चार्व्हेरियस वॉर्ड सॅन फ्रान्सिस्कोला गेला. सेफ्टी टायरन मॅथ्यू, ज्याच्यावर सगळ्या मागच्या फळीची भिस्त होती, तो न्यू ऑर्लिन्सला गेला. त्याच्या जागी ह्यूस्टनहून जस्टिन रीड आला, पण कॉर्नरची जागा उघडीच राहिली. आणि आमच्या गटात लॉस एंजेलिस चार्जर्सकडे जस्टिन हर्बर्ट, रेडर्सकडे आता अ‍ॅडम्स, डेन्व्हरकडे नुकताच आलेला रसेल विल्सन. म्हणजे फेकणारे संघ चहूबाजूंनी, आणि आम्ही फेक अडवणारी माणसं सोडलेली.

रिसीव्हरमध्ये जूजू स्मिथ-शूस्टर एका वर्षाच्या करारावर आला, मार्केझ व्हाल्डेस-स्कँटलिंग तीन वर्षांच्या ३ कोटींच्या करारावर. मी फक्त हीच दोन नावं बघत बसलो होतो.

२८ एप्रिलला लास व्हेगसमध्ये ड्राफ्ट सुरू झाला. चीफ्सनी मायामीकडून आलेली २९ वी आणि १२१ वी, आणि स्वतःची ९४ वी, अशा तीन निवडी न्यू इंग्लंड पेट्रियट्सना देऊन २१ वी निवड घेतली. त्या निवडीवर आला ट्रेंट मॅकडफी, वॉशिंग्टन विद्यापीठाचा कॉर्नरबॅक. चणीने छोटा, हात आखूड म्हणून त्याच्यावर टीका होत होती. स्वतःच्या ३० व्या निवडीवर जॉर्ज कार्लाफ्टिस, क्वार्टरबॅकवर चाल करून जाणारा. पुढे ब्रायन कुक, लिओ शेनाल, जोशुआ विल्यम्स, आणि सातव्या फेरीत २४३ वा जेलन वॉटसन. हे सगळे बचावातले. आणि २५१ वा आयझाया पचेको, चेंडू घेऊन पळणारा. त्याला दहा नंबर मिळाला. कपाटातल्या जर्सीचा नंबर आता सातव्या फेरीतल्या मुलाच्या पाठीवर, हे मला तेव्हा चांगलंच खटकलं होतं.

इथे हिशेब स्पष्ट ठेवायला हवा. हे सगळे काही हिलच्या बदल्यात आलेले नाहीत. थेट त्या सौद्यातून आला तो मॅकडफी, आणि पुढे ज्याच्याबद्दल लिहायचं आहे तो स्काय मूर. बाकीचे चीफ्सच्या इतर निवडींवरचे. पण एका मोसमात इतके नवखे बचावपटू मैदानावर उतरवायचे तर त्यांना धरून ठेवणारा एक पक्का कॉर्नर लागतो, आणि आक्रमणात आणखी एक महाग करार डोक्यावर नको.

पहिलं वर्ष

११ सप्टेंबरला ॲरिझोनात पहिला सामना. महोम्सने नऊ वेगवेगळ्या खेळाडूंना पास दिले, पाच टचडाउन, ४४-२१. बहिणीने विचारलं, "आता दुपटीने कोणाला अडवणार हे लोक?" दोन सेफ्टी हिलच्या मागे लावायची सवय झालेल्या बचावाला आता कोणाच्या मागे लागायचं ते कळेना. मोसम संपला तेव्हा सामन्यामागे २९.२ गुण, लीगमध्ये सर्वाधिक, हिल असतानाच्या मागच्या वर्षीपेक्षाही थोडे जास्त. महोम्स ५,२५० यार्ड फेकून सर्वोत्तम खेळाडू ठरला.

पण त्याच ॲरिझोनाच्या सामन्यात मॅकडफीचा मांडीमागचा स्नायू दुखावला आणि तो सहा सामने बाहेर बसला. हिलच्या बदल्यात आलेला मुलगा पहिल्याच दिवशी जायबंदी. माझा राग उफाळून आला. चारच दिवसांनी, १५ सप्टेंबरला, चार्जर्सविरुद्ध १७-१७ असताना हर्बर्ट आमच्या गोलरेषेपाशी पोहोचला आणि त्याचा पास मॅकडफीच्या जागी खेळणाऱ्या जेलन वॉटसनने पकडला. ९९ यार्ड पळत गेला. काही वर्षांपूर्वी अभ्यासात मागे पडल्यामुळे कॉलेज फुटबॉल हुकल्यावर बर्गरच्या दुकानात काम केलेला हा मुलगा. सामना २७-२४.

माझं मत फिरायला सुरुवात झाली ती २९ जानेवारी २०२३ ला. समोर पुन्हा बेंगल्स, पुन्हा तीच, सुपर बोलच्या आधीची फेरी. आमचा अनुभवी कॉर्नर लजेरियस स्नीड सुरुवातीलाच डोक्याला मार लागून बाहेर गेला. उरले मॅकडफी, वॉटसन आणि विल्यम्स, तिघेही पहिल्या वर्षाचे, आणि समोर जमार चेस, टी हिगिन्स. मी मनातून हरलो होतो. वॉटसनने जो बरोचा एक पास पकडला. चौथ्या क्वार्टरमध्ये बरोने लांब पास टाकला, ब्रायन कुकने उडी मारून चेंडू वर उडवला, आणि तो विल्यम्सच्या हातात येऊन पडला. वर्षभरापूर्वी बेट्सने उडवला आणि बेलने झेलला, अगदी तसाच, या वेळी आमच्या बाजूने.

शेवटच्या मिनिटात स्काय मूरने पंट, म्हणजे त्यांनी लाथेने दूर मारलेला चेंडू, झेलून २९ यार्ड मागे आणला. बटकरची ४५ यार्डांची किक, तीन सेकंद बाकी, २३-२०. दोन आठवड्यांनी फिलाडेल्फिया ईगल्सना ३८-३५ हरवून आम्ही सुपर बोल जिंकला. त्यात पचेकोचा टचडाउन होता, मूरचाही होता. मूर तर एकटा उभा होता, कोणी जवळ नव्हतं.

इथे माझी तक्रार कायम आहे

विजयानंतर बरेच जण म्हणाले की हिलशिवाय भागतं हे सिद्ध झालं. मला ते पटत नाही. आक्रमणाच्या बाजूने चीफ्सनी हा सौदा नीट वापरला नाही आणि त्याची किंमत २०२३ मध्ये मोजली.

मायामीकडून आलेली ५० वी निवड घ्या. चीफ्सनी ती पेट्रियट्सना दिली, चार जागा खाली ५४ वर सरकले आणि बदल्यात १५८ वी निवड घेतली. ५४ वर स्काय मूर घेतला. मधल्या ५२ व्या जागी पिट्सबर्ग स्टीलर्सनी जॉर्ज पिकेन्स नेला. २०२३ मध्ये पिकेन्सचे १,१४० यार्ड, मूरचे २४४. त्याआधी मूरने इंडियानापोलिसमध्ये हातातून पंट सोडला होता, त्यावर कोल्ट्सना टचडाउन मिळाला आणि तो सामना आम्ही २०-१७ हरलो. बेंगल्सविरुद्धचे ते २९ यार्ड मी विसरणार नाही, पण ज्या हाताने चेंडू झेलायचा त्या हातांची निवड चुकली हेही विसरता येत नाही.

दुसरं, २०२२ मध्ये ७८ झेल घेतलेल्या जूजूला मार्च २०२३ मध्ये जाऊ दिलं आणि मोठी आशा ठेवली ती केडेरियस टोनीवर, ज्याला मोसमाच्या मधेच न्यूयॉर्क जायंट्सकडून आणलं होतं. सुपर बोलमधला त्याचा ६५ यार्डांचा पंट-परतावा आजही विक्रम आहे. पण ७ सप्टेंबर २०२३ ला डेट्रॉइट लायन्सविरुद्ध त्याच्या हातांतून निसटलेला पास ब्रायन ब्रँचने पकडला आणि थेट टचडाउन केला. आम्ही २०-२१ हरलो. २० नोव्हेंबरला ईगल्सविरुद्ध शेवटच्या मिनिटांत व्हाल्डेस-स्कँटलिंग सगळ्यांच्या पुढे निघून गेला होता, महोम्सचा पास नेमका त्याच्या हातात आला आणि निसटला. १० डिसेंबरला बिल्सविरुद्ध केल्सीने मागे फेकलेला चेंडू घेऊन टोनी टचडाउनला पोहोचला, पण खेळी सुरू व्हायच्या आधीच तो रेषेच्या पुढे उभा होता, म्हणून टचडाउन रद्द. १७-२०. त्या वर्षी आम्ही ११ सामने जिंकलो, ६ हरलो, सामन्यामागे २१.८ गुण. हिल मायामीत १,७९९ यार्ड करत होता. बहीण एकदा रागाने म्हणाली, "दादा, आपल्या लोकांना नुसता चेंडू झेलायला काय होतं?" मला उत्तर देता आलं नाही.

मूरने जे द्यायला हवं होतं ते शेवटी राशी राइसने दिलं. तो २०२३ च्या ड्राफ्टमध्ये ५५ वा. पहिल्याच मोसमात ९३८ यार्ड. म्हणजे हिल गेल्यापासून भरवशाचा तरुण रिसीव्हर मिळायला दीड वर्ष गेलं. एवढा काळ चीफ्सनी बचावाच्या जोरावर काढला. २०२३ मध्ये आमच्या बचावाने सामन्यामागे १७.३ गुण दिले, लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकाचे कमी. मॅकडफी त्या मोसमात ऑल-प्रो, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात होता. कार्लाफ्टिसच्या नावावर साडेदहा सॅक, म्हणजे फेकायच्या आधीच क्वार्टरबॅकला पाडणं.

फ्रँकफर्ट

५ नोव्हेंबर २०२३. लीगने सामना जर्मनीत ठेवला होता, चीफ्स आणि डॉल्फिन्स. हिल पहिल्यांदाच आमच्याविरुद्ध. पहिला अर्धा संपत आला होता, आम्ही १४-० ने पुढे.

हिलने एक छोटा पास झेलला आणि वळला. त्या वळण्यातच त्याचा सगळा खेळ असायचा. वळला की गेला. समोर मॅकडफी होता. त्याने हिलला नुसतं अडवलं नाही, चेंडूवर हात घातला आणि ओढून काढला. चेंडू मोकळा झाला. माइक एडवर्ड्सने तो उचलला, त्याला पाडायला लोक आले तसा त्याने बाजूला ब्रायन कुककडे टाकला, आणि कुक ५९ यार्ड पळत टचडाउनपर्यंत गेला. २१-०.

मी ती खेळी थांबवून थांबवून पाहिली. हिलच्या हातातला चेंडू काढणारा हिलच्याच बदल्यात आलेला. चेंडू घेऊन पळणारा त्याच ड्राफ्टमधला. दुसऱ्या अर्ध्यात आमच्या आक्रमणाला एकही गुण करता आला नाही आणि तरी आम्ही २१-१४ जिंकलो. या सौद्याचं नफा-तोट्याचं पत्रक एकाच सामन्यात मांडलेलं होतं. पहिल्यांदाच मी फोन उचलून बहिणीला म्हणालो, "तू विचारलं होतंस ना, त्याच्या जागी कोण आलं? हा आला."

जानेवारीत प्लेऑफच्या (बाद फेरीच्या) पहिल्या सामन्यात डॉल्फिन्स आमच्या मैदानावर, ॲरोहेडवर आले. उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी. हिलने ५३ यार्डांचा एक टचडाउन केला, मायामीचा त्या रात्रीचा एकमेव. मला वाईट वाटलं नाही, अभिमानच वाटला. आम्ही २६-७ जिंकलो. राइसचे १३० यार्ड.

पुन्हा लास व्हेगस

११ फेब्रुवारी २०२४. सुपर बोल, ज्या शहरात ड्राफ्ट झाला होता त्याच शहरात, आणि समोर फॉर्टीनाइनर्स.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये आम्ही ६-१० असे मागे. आमचा पंट त्यांच्या एका खेळाडूच्या पायाला लागला आणि चेंडूवर पडला जेलन वॉटसन. पुढच्याच खेळीत महोम्सने व्हाल्डेस-स्कँटलिंगला १६ यार्डांचा टचडाउन पास दिला. नोव्हेंबरमधला तो निसटलेला चेंडू मी त्या क्षणी माफ केला.

चौथ्या क्वार्टरमध्ये त्यांनी टचडाउन केला आणि वरचा एक गुण घ्यायला किक मारली. लिओ शेनालने हात वर करून ती अडवली. १७-१३ व्हायचं ते १६-१३ राहिलं. ती किक गेली असती तर शेवटच्या मिनिटात आम्हाला किकवर बरोबरी साधता आली नसती, टचडाउनच करावा लागला असता.

मग १६-१६. दोन मिनिटांची सूचना झाली होती. चेंडू त्यांच्याकडे, आमच्या ३५ यार्डांवर, तिसरा डाउन, पाच यार्ड हवे. ते मिळाले असते तर बराच वेळ काढून आणखी जवळून किक मारणं त्यांच्या हातात होतं. बचाव-प्रशिक्षक स्टीव्ह स्पॅग्नुओलो यांनी मॅकडफीला कडेवरून थेट क्वार्टरबॅकवर सोडलं. ब्रॉक पर्डीने घाईने पास टाकला. मॅकडफीने उडी मारली आणि चेंडू त्याच्या हाताला लागून खाली पडला. चौथा डाउन. त्यांना ५३ यार्डांवरून किक घ्यावी लागली. ती गेली, पण महोम्सच्या हातात जवळजवळ दोन मिनिटं राहिली. बरोबरी, जादा वेळ, मग मेकोल हार्डमनचा टचडाउन आणि २५-२२.

मायामीने आम्हाला दिलेली ती २९ वी निवड मुळात मायामीची नव्हती. मार्च २०२१ मध्ये फॉर्टीनाइनर्सनी ड्राफ्टची तिसरी निवड मिळवण्यासाठी ज्या निवडी डॉल्फिन्सना दिल्या, त्यात त्यांची २०२२ ची पहिल्या फेरीतली निवड होती. तीच २९ वी. सॅन फ्रान्सिस्कोहून मायामीला, हिलच्या बदल्यात मायामीहून आमच्याकडे, आणि आमच्याकडून पेट्रियट्सना देऊन मॅकडफी. बहिणीला हे माहीत नव्हतं. सामना संपल्यावर मी तिला एकेक टप्पा सांगितला, आणि मग आम्ही दोघांनी तो तिसरा डाउन पुन्हा लावला.